बाळाचं वजन: काटा आधी आईचा बघा

बारवी धरणाचं पाणी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नळांना येतं. धरणाकाठच्या ठाकूर-कातकरी पाड्यांपासून या शहरांतल्या सोसायट्यांपर्यंत गर्भारणीला सल्ले मात्र दोन टोकांचे मिळतात.

‘फार खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल.’ हा सल्ला आधीच अशक्त असलेल्या बाईला मिळतो, याचं फार वाईट वाटतं. तिने पोट मारलं तर बाळ अडीच किलोच्या आत भरण्याचा धोका वाढतो. असं बाळ लवकर गार पडतं, त्याला जंतुसंसर्ग पटकन होतो.

‘दोन जिवांची आहेस, दुप्पट जेव.’ तेही नको. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एखादी भाकरी, वाटीभर वरण आणि कपभर दूध. आधीच वजन जास्त असेल तर गर्भारपणातला मधुमेह, रक्तदाब आणि सिझेरियनची शक्यता वाढते. ‘अंगाने भरलेली म्हणजे तब्येतीने चांगली’ हे म्हणूनच खरं नाही. पण या काळात वजन उतरवायच्या मागेही लागू नये.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे ‘दिवस गेले की बघू’. दीड मीटर उंचीच्या मुलीचं वजन ४१ किलो असेल, तर तिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) १८.२ येतो, १८.५च्या खाली म्हणजे कमी वजन. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या गावांत केलेल्या अभ्यासात आयांचा सरासरी बीएमआय १८च्या आसपास होता आणि बाळं सरासरी २.७ किलोची. ती दिसायला किडकिडीत, पण स्नायू कमी आणि चरबी त्यामानाने जास्त. पुढच्या मधुमेहाची बीजं इथेच पडतात.

मुंबईच्या वस्त्यांतल्या एका अभ्यासात पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ बायकांना देऊन पाहिला. दिवस जाण्याआधी किमान तीन महिने तो सुरू झाला होता, तिथे बाळांचं वजन थोडं वाढलेलं आढळलं. अगदी रोड बायकांच्या बाळांत मात्र ही वाढ दिसली नाही.

म्हणून लग्न ठरलेल्या मुलीलाच काट्यावर उभं करा. वजन कमी असेल तर पहिलं बाळंतपण पुढे ढकला, तोवर अंगावर चार किलो चढू द्या.

दिवस गेल्यावर वजन किती वाढावं? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९च्या शिफारशीनुसार रोड बाईचं १२.५ ते १८ किलो, बीएमआय ३०च्या वर असेल तर ५ ते ९. ही वाढ दर महिन्याला बघावी लागते. म्हणून पाड्यांवरून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात आठवणीने ठेवावं, आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात दर महिन्याला वजन नोंदवून घ्यावं.