तपासणी एका दिवसात, पण जंतू आला कुठून?



कोळंबीचा नाहीतर माणकीचा लॉट कंपनीत जातो आणि दुसऱ्याच दिवशी फोन येतो, "साल्मोनेला दिसतोय, माल थांबवलाय." मग जेटीवर एकच चर्चा. एका दिवसात यांना कळलं कसं? दर पाडायची युक्ती तर नाही ना?

यंत्र काय करतं ते आधी समजून घेऊया. जुन्या पद्धतीत 25 ग्रॅम मासळी पोषक द्रवात ठेवतात, जंतू वाढू देतात, मग बशीत रुजवून ओळखतात. त्यात चार-पाच दिवस जातात आणि तोवर माल कोल्ड स्टोरेजला पडून. पीसीआर यंत्र जंतूच्या डीएनएचा ठराविक तुकडा शोधून त्याच्या लाखो प्रती काढतं. हे काम दोनेक तासांचं. पण निर्यातीच्या नियमात त्या 25 ग्रॅममध्ये एकही साल्मोनेला चालत नाही. एवढा थोडा जंतू यंत्राला दिसावा म्हणून आधी रात्रभर वाढवावाच लागतो. म्हणून एक दिवस. पाच मिनिटांत साल्मोनेला सांगतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पाच मिनिटांच्या आतली तपासणी असते, ती एटीपीची. काजवा ज्या रसायनाने चमकतो तेच त्यात वापरतात. टेबल, क्रेट स्वच्छ धुतलंय की नाही तेवढं ती सांगते, जंतूचं नाव सांगत नाही.

पीसीआर पॉझिटिव्ह आला तर जुन्या पद्धतीने खात्री केली का, हे जरूर विचारा आणि रिपोर्ट लेखी मागा.

आता आपल्या बाजूचं बोलतो. साल्मोनेला खोल समुद्रातल्या मासळीचा नव्हे. तो माणसांच्या, पक्ष्यांच्या, जनावरांच्या पोटातला. म्हणजे जाळं वर आल्यानंतर लागतो: खराब पाण्याच्या बर्फातून, जेटीकडचं पाणी ओढून डेक धुतल्यामुळे, कावळे-कुत्रे फिरतात तिथे उघड्या ठेवलेल्या क्रेटमधून, शौचालयाची सोय नसलेल्या खलाशाच्या हातातून. बर्फात जंतू वाढत नाही, पण मरतही नाही.

1997 साली युरोपने भारताची मासळी बंद केली होती, तेव्हाही कारण जंतू आणि अस्वच्छताच होतं. आणि 2024 मध्ये कुटबण जेटीवर कॉलरा पसरला, कामगार दगावले, ते तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथे प्रश्न दराचा नव्हता, जीवाचा होता.

तेव्हा कंपनीने माल तपासायच्या आधी आपण आपला बर्फ आणि टाकीचं पाणी तपासून घेऊ. नमुन्याची बाटली लॅबचीच घ्या, घरची बिसलेरीची नको. ती आतून धुवायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत लॅबला पोचवा. बर्फ कुठल्या कारखान्याचा, कुठल्या दिवशीचा, ते बाटलीवर लिहा. ज्यांना नमुना द्यायचाय त्या बोटमालकांनी ऑफिसात नाव नोंदवा.

— सचिव