‘ओळखा पाहू, मी कोण?’ : प्रश्नांतून व्यक्तिपरिचय

एकाने मनात प्रसिद्ध व्यक्ती धरावी व इतरांनी केवळ ‘होय’ वा ‘नाही’ या उत्तरांच्या आधारे ती ओळखावी, असे या खेळाचे स्वरूप आहे. आज मित्रमंडळी तो आंतरजालावरही खेळतात. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या शक्यता निम्म्या झाल्यास २० प्रश्नांत १०,४८,५७६ व्यक्तींमधून एक निश्चित करता येते. म्हणूनच प्रश्नाची निवड निर्णायक ठरते.

वऱ्हाडातीलच उदाहरण घेऊ. ‘जन्म अमरावती जिल्ह्यातील काय?’, ‘त्यांच्या नावे विद्यापीठ आहे काय?’ या प्रश्नांना संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) आणि डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) या दोहोंबाबत ‘होय’ हेच उत्तर येते. एक विद्यापीठ अमरावतीस, दुसरे अकोल्यास आहे. ‘ते केंद्रीय कृषिमंत्री होते काय?’ किंवा ‘हाती खराटा घेऊन ते गावे झाडीत काय?’ असे विचारताच भेद स्पष्ट होतो. अर्थात, फलकावरील नाव ठाऊक असणे पुरेसे नाही. कार्य ठाऊक असल्याखेरीज नेमका प्रश्न सुचत नाही. वर्गात हा खेळ योजताना अध्यापकांनी म्हणूनच अचूक उत्तराइतकेच नेमक्या प्रश्नालाही गुण द्यावेत.