तेल मुळापर्यंत पोचत नाही

जानेवारीत कांजूरमार्गातसुद्धा खोबरेल थिजतं. मग बाटली खिडकीच्या ग्रिलमध्ये उन्हाला ठेवायची आणि तेल पातळ झालं की आई बसवून घेते: "मान खाली घाल. मुळापर्यंत जिरू दे, मग बघ कसे वाढतात!"

तेल जिरतं खरं, पण मुळात नाही. मूळ त्वचेच्या काही मिलिमीटर खाली असतं आणि त्याला खुराक मिळतो तो रक्तातून. तेलाचा उपयोग होतो तो बाहेर दिसणाऱ्या केसाला. २००३ साली मुंबईच्याच मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली. केसातल्या प्रथिनांची झीज लक्षणीय कमी केली ती फक्त खोबरेलानं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ रेणूचं. ते केसाच्या आत शिरतं. अभ्यास खोबरेल विकणाऱ्यांचाच आहे, हे लक्षात ठेवूनच वाचायचा; तरी कारण पटण्यासारखं आहे. म्हणून तेल लावायचं ते न्हाण्याआधी तासभर.

आणि नुसत्या मालिशनं? २०१६ मध्ये जपानमध्ये नऊ निरोगी पुरुषांच्या डोक्याला यंत्रानं रोज चार मिनिटं, असं २४ आठवडे मालिश केलं. केसाची जाडी ०.०८५ मिलिमीटरवरून ०.०९२ झाली. केसांची संख्या मात्र वाढली नाही. नऊ माणसांवरून टकलाला आशा दाखवणं धाडसाचंच. मालिशनं डोकं हलकं वाटतं, झोप छान लागते. मला तेवढं पुरतं. फक्त नखं लावायची नाहीत, बोटांची पेरं फिरवायची.

कोंडा झाला की "डोकं कोरडं पडलंय, तेल थाप" हा सल्ला तर उलटाच. कोंड्यामागची बुरशी टाळूवरच्या स्निग्धांशावरच पोसते. रात्रभर चोपडलेलं तेल म्हणजे तिला पंगत. तिथे कीटोकोनाझोलचा शॅम्पू कामाचा.

मालिशनंतर कंगव्यात गुंतवळ आलं की आई घाबरते. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणारच. सुटलेलेच चोळताना हाती येतात. डेंगीसारख्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर मात्र दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस गळतात, कारण बरीच मुळं एकदम विश्रांतीला गेलेली असतात. बहुतेकदा पुढच्या काही महिन्यांत ती आपोआप कामाला लागतात. तोवर घरात तेलाचा ब्रँड बदललेला असतो आणि सगळं श्रेय त्या नव्या बाटलीला जातं.