समुद्र दूर, वादळ दारात

धाराशिवपासून समुद्र दूर; तरी बंगालच्या उपसागरातले वादळ इथवर पोहोचते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणमार्गे आपल्याकडे आले आणि सोयाबीन पाण्यात गेले. आधीच भिजलेल्या जमिनीतूनही अशा क्षेत्राला बाष्प मिळते, म्हणून ते लवकर विरत नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा तालुक्यात हेलिकॉप्टरने माणसे काढावी लागली.

म्हणून सातबारा, आधार, पासबुक, विम्याची पावती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. त्यांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. थोडी रोकड हाताशी हवी. जनावरांच्या कानात बिल्ले मारून घ्या. पाणी चढू लागताच दावी सोडा. नुकसान झाल्यास फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. सरकारी मदतीचा तोच आधार.