उगवलं नाही म्हणजे नेमकं काय?

लेखमाला : सख्खे शब्द, चुलत अर्थ

'लुक', 'सी' आणि 'वॉच' या तिघांचा निकाल या आठवड्यात लावायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. भोकरदन तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि ते बाजूला सारून पुढे जाणं मला जमणार नाही. त्यांच्या शेजारच्या काही शेतकऱ्यांचं सोयाबीन नीट उगवलं नाही. बियाणं ज्या कंपनीचं, तिचं मुख्य कार्यालय परराज्यात. तिथे तक्रार इंग्रजीत पाठवायची, म्हणून काम यांच्याकडे आलं. शब्दकोशात 'उगवण' पाहिलं, तर 'जर्मिनेशन', 'स्प्राउटिंग', 'इमर्जन्स' असे तीन शब्द ओळीनं दिलेले. वाचक विचारतात, 'यातला कोणता लिहू? की कोणताही चालेल?'

कोणताही चालणार नाही. इथे शब्द बदलला की तक्रार बदलते.

जालना हे बियाण्यांचं शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणं कंपनी सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बियाणं तयार करणं, तपासणं, विकणं यावर आज इथली कितीतरी घरं चालतात. त्यामुळे 'जर्मिनेशन' हा शब्द आपल्याकडे इंग्रजी न शिकलेल्यांच्याही तोंडी आहे. 'या लॉटचं जर्मिनेशन किती?' असं दुकानात सहज विचारलं जातं. पण दुकानातलं जर्मिनेशन आणि बांधावरून दिसणारी उगवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीत दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. खरिपातली निम्मी भांडणं इथेच सुरू होतात, असं माझं मत आहे.

तिघांमध्ये 'स्प्राउट' हा इंग्रजीचा घरचा, जुना शब्द. बाकीचे दोघे लॅटिनमधून आले. 'जर्मिनेशन'च्या मुळाशी 'जर्मेन' म्हणजे अंकुर आहे. 'इमर्जन्स'च्या मुळाशी 'मर्जेरे' म्हणजे बुडवणं, आणि त्याला 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागलेला; म्हणजे बुडालेलं वर येणं. घरचा शब्द असताना विद्वानांनी दुसरा आणला, तरी इंग्रजीत पहिला सहसा मरत नाही. दोघं कामं वाटून घेतात. इथेही तसंच झालं.

मटकी भिजवून फडक्यात बांधली आणि मोड आले, तर ते स्प्राउट. ऐन काढणीत पाऊस लागला आणि उभ्या सोयाबीनच्या शेंगांतच कोंब फुटले, तर तेही स्प्राउटिंग. कोंब डोळ्यांना दिसला की हा शब्द लागू झाला. त्या कोंबाचं पुढे रोप होणार की नाही, हे तो विचारत नाही. मोडाची मटकी तर आपण खाऊनच टाकतो.

'जर्मिनेशन' मात्र ते विचारतं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बियाचं टरफल फोडून मूळ बाहेर आलं की जर्मिनेशन झालं. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेला तेवढं पुरत नाही. तिथे ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या ओलीत बी ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी फक्त धड रोपं मोजतात. मूळ आहे पण शेंडा खुरटला, शेंडा आहे पण मूळ सडलं, असं रोप त्या आकड्यात धरत नाहीत. प्रमाणित सोयाबीनच्या पिशवीवर किमान 70 टक्के जर्मिनेशन लागतं, ते या हिशेबानं.

हा फरक घरी बघता येतो. पेरणीआधी उगवणक्षमता तपासा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि त्याला एक गोणपाट पुरतं. पोत्यातले सरसकट 100 दाणे घ्या. निवडून टपोरे घेतले तर परीक्षा खोटी. ओल्या गोणपाटावर ते दहा-दहाच्या ओळींत मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. आठवडाभरानं गुंडाळी सोडली की तिघांतले हे दोन शब्द कळायला लागतात. काही दाणे तसेच्या तसे, बोटानं दाबले की पचकन फुटणारे. काहींना मोड आलेला, पण बियाची डाळ तडकलेली, मूळ तपकिरी. आणि बाकीचे सरळ, पांढऱ्याशुभ्र मुळांचे. मोड आलेले सगळे मोजलेत तर ते स्प्राउटिंग. धड तेवढेच मोजलेत तर जर्मिनेशन. समजा पहिला आकडा 90 आणि दुसरा 74 आला, तर पेरणीचं प्रमाण 74 वर ठरवायचं.

आता इमर्जन्स. ते गोणपाटात दिसणार नाही, त्याला माती लागते. सोयाबीनचं बी रुजलं की त्याची मान वाकते, आणि ती वाकलेली मान माती सारत दोन्ही डाळींना ओढत वर आणते. हरभरा आणि तूर असं करत नाहीत. बदनापूरची बीडीएन 711 तूर पेरा, तिच्या डाळी जमिनीतच राहतात आणि नुसता शेंडा वर येतो. सोयाबीनला सगळा बोजा घेऊन बाहेर पडायचं असतं. पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला, मागून कडक ऊन पडलं आणि वर पापडी धरली, की त्या पापडीखाली सोयाबीनची मान मोडते. बी खोल पडलं तरी तेच. अशा वेळी जर्मिनेशन झालेलं असतं, इमर्जन्स झालेलं नसतं. बोटभर माती उकरली की वाकडी, पिवळी पडलेली रोपं सापडतात. उलट उकरल्यावर नुसतं कुजलेलं बी हाती आलं, मूळ फुटल्याची खूणही नाही, तर गोष्ट वेगळी. तिथे बियाण्यावर संशय घ्यायला जागा आहे. तरी पाणी साचूनही बी कुजतं, हे विसरू नये.

म्हणून पत्रात पहिला शब्द 'इमर्जन्स' असावा. शेतकऱ्यानं शेत पाहिलं, शेतात रोपं वर आली नाहीत, एवढं तो छातीठोकपणे सांगू शकतो. 'पुअर इमर्जन्स' हे पाहिलेलं आहे. 'पुअर जर्मिनेशन' हा आरोप आहे आणि त्याला पुरावा लागतो. पहिल्याच ओळीत जर्मिनेशन लिहिलं, तर कंपनी आपल्या प्रयोगशाळेचा दाखला काढून पुढे ठेवेल आणि बोलणं तिथेच संपेल. आधी इमर्जन्स लिहा, मग उकरून काय दिसलं ते लिहा, आणि त्याच लॉटचं बी शिल्लक असेल तर त्याच्या चाचणीत जर्मिनेशन किती आलं ते शेवटी. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा पाऊस पडला होता. त्या साऱ्या तक्रारी 'उगवलं नाही' या दोनच शब्दांत मावत होत्या, पण त्यांच्यामागची कारणं एक नव्हती. पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा, आणि तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे मराठी अर्जही द्याच.

वाक्य लिहिताना क्रियापदाचा कर्ता पाहावा. बी 'जर्मिनेट' होतं. 'इमर्ज' होतं ते रोप; 'सीड्स इमर्ज्ड' लिहिलं तर इंग्रजी वाचणारा अडखळतो. शेतीबाहेरही तिघांचे स्वभाव तेच राहतात, ही मला या शब्दांतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. मनात कल्पना 'जर्मिनेट' होते: आत, हळूहळू, कुणाला न दिसता. हमरस्त्याला ढाबे 'स्प्राउट' होतात: भराभर, जिकडेतिकडे. चौकशीतून सत्य 'इमर्ज' होतं: आधीपासून होतंच, झाकलेलं होतं, वर आलं. ही तीन वाक्यं पाठ केली तर शब्दकोश उघडावा लागणार नाही.

याच वाचकांनी जाता जाता आणखी विचारलं आहे, की नुकसान सांगताना 'क्रॉप' लिहू, 'यील्ड' लिहू की 'प्रोड्यूस'? थोडक्यात सांगतो. शेतात उभं आहे ते क्रॉप, आपलं पीक. एकरी किती क्विंटल उतरलं ते यील्ड, आपला उतारा. मोंढ्यात आलेला माल तो प्रोड्यूस. बाजार समितीच्या इंग्रजी नावात तोच शब्द आहे आणि मराठी नावात त्याचं 'उत्पन्न' झालं आहे. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यातलं उत्पन्न मात्र 'इन्कम'. तुमच्या पत्रात, पीक वर आलंच नसल्यामुळे, यील्डचा आकडा अंदाजानं लिहू नका. बियाणं, खत आणि दुबार पेरणीचा खर्च लिहा. त्याच्या पावत्या तुमच्याकडे आहेत.

'लुक', 'सी' आणि 'वॉच' पुढच्या आठवड्यात, नक्की.