डोळ्यांची उडी मंदावली, आणि मुंबईत एक वेगळा आजार ओळखला गेला

आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या डोळ्याकडे, परत डाव्या. डोळे हलताना दिसले? नाही दिसणार. आता मित्राला समोर बसवा, त्याला नजर इकडून तिकडे न्यायला सांगा आणि फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. त्यात डोळे टुणकन उडी मारताना स्पष्ट दिसतात. उडी चालू असताना मेंदू आपलं बघणं जवळपास म्यूट करतो, म्हणून स्वतःची उडी आरशात सापडत नाही.

या उडीला सॅकेड म्हणतात. आपण जागे असताना सेकंदाला साधारण तीन सॅकेड होतात. आत्ता वाचतानासुद्धा तुमचे डोळे ओळीवरून सरकत नाहीयेत, उड्या मारतायत. फोन डोळ्यांपासून 30 सेंटीमीटरवर असेल, तर स्क्रीनच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला जेमतेम 50 मिलीसेकंद लागतात. साध्या 30 फ्रेमच्या व्हिडिओत ही उडी एक-दोन फ्रेममध्ये संपून जाते. 240 फ्रेमच्या व्हिडिओत दहा-बारा फ्रेम मिळतात.

वणीहून नाशिकला जाणाऱ्या एसटीत खिडकीबाहेर बघत बसलेल्या माणसाचे डोळे कधी बघा (फार टक लावून नको!). द्राक्षबागेचा एक खांब पकडून डोळे मागे मागे सरकतात, मग झटकन पुढे येऊन दुसरा खांब पकडतात. दिंडोरी येईपर्यंत हेच चालू. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो. नजर कधी आणि कुठे न्यायची हे आपण ठरवू शकतो, पण ‘आता उडी हळू मार’ असा हुकूम देता येत नाही. वेगाची सेटिंग आपल्याला दिलेलीच नाही.

मग ती कोणाकडे असते? मेंदूच्या बुंध्यात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, यासाठी वेगळ्या पेशी आहेत. बर्स्ट न्यूरॉन उडीच्या क्षणी सेकंदाला जवळपास हजारच्या वेगाने सिग्नल सोडतात आणि एरवी गप्प असतात. त्यांच्यावर पहारा असतो ऑम्निपॉज न्यूरॉनचा. हे सतत ‘थांब, थांब’ म्हणत राहतात आणि फक्त उडीपुरते गप्प होतात. कोडिंग करणाऱ्यांनी याला लॉक समजावं: लॉक सुटला की बर्स्ट, बर्स्ट संपला की परत लॉक. बर्स्टचा सिग्नल पुढे मोटर न्यूरॉनकडे जातो आणि ते डोळ्याचे स्नायू ओढतात. आडव्या उडीचे बर्स्ट न्यूरॉन पॉन्स या भागात, तर वर-खालच्या उडीचे त्याच्या वरच्या मध्यमेंदूत असतात. त्यामुळे कोणती उडी बिघडली यावरून बिघाड कुठे आहे याचा अंदाज डॉक्टरांना येतो. पीएसपी नावाच्या आजारात आधी वर-खालची उडी मंदावते. माणसाला पायरी दिसायला त्रास होतो, तो पडतो, आणि सुरुवातीला सगळ्यांना वाटतं की पार्किन्सन असावा.

आता मुंबई. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात न्यूरॉलॉजीचा पाया घालणारे डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे तोल जाणारे, बोलणं जड झालेले रुग्ण येत. अशा माणसाला बाहेर लोक सरळ ‘पिऊन आलाय’ म्हणतात, आजही. चालण्या-बोलण्यातला हा बिघाड म्हणजे अॅटॅक्सिया, तो तेव्हाही माहीत होता. पण यातल्या काही घरांमध्ये वाडियांना आणखी एक गोष्ट दिसली: नजर एका जागेवरून दुसरीकडे जाताना उडी मारत नव्हती, सावकाश सरकत होती. 1971 मध्ये त्यांनी आणि आर. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांची माहिती ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडली आणि हा अॅटॅक्सियाचा वेगळा, आनुवंशिक प्रकार आहे असं सांगितलं. जनुकीय चाचणी तेव्हा नव्हतीच. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

जनुक सापडलं 1996 मध्ये. आजाराला आता एससीए2 म्हणतात. एटीएक्सएन2 या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं ओळीने परत परत येतात. बहुतेक लोकांमध्ये ती 22 वेळा असतात, 33 किंवा त्याहून जास्त झाली की आजार होतो. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, मिळण्याची शक्यता निम्मी. पुढच्या पिढीत तो अनेकदा लवकर सुरू होतो. यात लहान मेंदूबरोबर पॉन्समधल्या पेशीही मरतात, म्हणून उडी मंदावते. क्यूबातल्या होल्गिन प्रांतात या आजाराचं प्रमाण जगात सर्वात जास्त आहे. तिथल्या अभ्यासात असं दिसलं, की जनुक असलेल्यांचा सॅकेडचा वेग तोल जायला लागण्याच्या आधीच कमी झालेला असतो. आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. व्यायाम आणि फिजिओथेरपीने मात्र चालणं-बोलणं जास्त काळ टिकवायला मदत होते.

इथे एक सूचना. स्लो मोशनमध्ये कोणाची उडी जरा मंद दिसली म्हणून घाबरू नका. झोप झाली नसेल, दमणूक असेल किंवा काही औषधं चालू असतील तरी वेग घटतो. घरात दोन-तीन पिढ्यांत तोल जाण्याचा त्रास असेल, तर व्हिडिओ काढत बसण्यापेक्षा न्यूरॉलॉजिस्टकडे जावं. आणि जनुकीय चाचणीच्या आधी समुपदेशन घ्यावं, कारण तो रिपोर्ट एकट्याचा नसतो. भावंडांचा आणि मुलांचाही असतो.

याच्या उलटी गोष्ट एएलएसमध्ये घडते. हा मोटर न्यूरॉनचा आजार. हात, पाय, गिळणं, बोलणं, सगळं जातं, पण डोळे हलवणारे मोटर न्यूरॉन बहुतेकदा शेवटपर्यंत तग धरतात. का, याची एकापेक्षा जास्त कारणं सांगितली जातात. त्या पेशींमध्ये कॅल्शियम सांभाळून घेणारी प्रथिनं जास्त असतात. शिवाय हाताच्या पेशींना मेंदूच्या वरच्या थरातून थेट हुकूम येतात, तसे डोळ्यांच्या पेशींना येत नाहीत. गंमत अशी, की 2010 मध्ये कळलं, एटीएक्सएन2 मधली सीएजीची साखळी मधल्या लांबीची, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पण एससीए2 पेक्षा लहान असेल, तर एएलएसचा धोका वाढतो. जनुक तेच, पण एका आजारात नजरेच्या पेशी मरतात आणि दुसऱ्यात वाचतात.

वाचलेल्या याच पेशींवर नजरेने टाइप करण्याचं तंत्रज्ञान उभं आहे. कॅमेरा बाहुली कुठे वळली ते मोजतो, नजर अक्षरावर थोडा वेळ थांबली की क्लिक होतो. पूर्वी यासाठी महागडं यंत्र लागायचं. आता आयओएस 18 पासून आयफोन 12 आणि पुढच्या मॉडेलमध्ये हे फीचर आलंय: सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी, आय ट्रॅकिंग. अँड्रॉइडवर गूगलचं ‘लुक टू स्पीक’ अॅप आहे. त्यात डावीकडे, उजवीकडे किंवा वर बघून आधी लिहून ठेवलेलं वाक्य निवडता येतं आणि फोन ते बोलून दाखवतो. फोन समोर स्थिर ठेवायला एक साधा स्टँड तेवढा लागतो. घरात कोणाला एएलएस असेल तर बोलणं पूर्ण जाण्याची वाट न बघता, हात थोडे चालतायत तोवरच सवय करून घेतलेली बरी.