डोळ्यांची उडी आणि मेंदूचे आजार

आपण हा लेख वाचत असताना आपले डोळे ओळीवरून सरळ घसरत पुढे जातात, असे आपणास वाटत असेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. डोळे एका शब्दावर सुमारे पाव सेकंद थांबतात, मग झटकन पुढे उडी घेतात आणि पुन्हा थांबतात. आपल्या शरीरातील सर्वांत जलद हालचालींपैकी ही एक होय. ही उडी कोण घडवून आणते आणि ती मंदावली तर त्यातून काय समजते, हे विद्यार्थ्यांना व सभासद बंधू-भगिनींना सोप्या भाषेत सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रत्येक डोळा हलविणारे सहा स्नायू असतात. त्यांना संदेश पोचविणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या देठात असतात. मोठा मेंदू व मज्जारज्जू यांना जोडणारा भाग म्हणजे हा देठ. परंतु या पेशी केवळ हुकमाच्या ताबेदार आहेत. उडीचा हुकूम देणाऱ्या पेशी वेगळ्या असून त्यांचे काम समजले म्हणजे पुढचा विषय सोपा होतो.

यातील काही पेशी एरवी गप्प असतात, पण उडीच्या क्षणी सेकंदाला शेकडो या गतीने संदेशांचा मारा करतात. त्यांना आपण 'झपाट्याच्या पेशी' म्हणू. डावी-उजवीकडे पाहण्यासाठीच्या झपाट्याच्या पेशी देठाच्या 'पॉन्स' या भागात असतात, तर वर-खाली पाहण्यासाठीच्या पेशी त्याच्या वर, मध्यमेंदूत असतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी रेल्वेच्या फाटकासारख्या आहेत. डोळा स्थिर असेपर्यंत त्या झपाट्याच्या पेशींना सतत रोखून धरतात. उडीपुरते फाटक उघडते आणि लगेच बंद होते.

मेंदूच्या काही आजारांत चेतापेशी हळूहळू झिजून नष्ट होतात. प्रत्येक आजार सर्वच पेशींवर सारखा घाला घालीत नाही. म्हणून डोळ्यांची कोणती हालचाल बिघडली हे पाहून कोणत्या पेशी झिजत आहेत याचा अंदाज बांधता येतो.

याचे एक मोठे उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. जे. जे. रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांच्याकडे तोल जाणारे, अडखळत बोलणारे, हात थरथरणारे रुग्ण येत असत. हा लहान मेंदूचा विकार म्हणून डॉक्टरांना माहीत होता. पण यातील काही रुग्णांचे डोळे विलक्षण सावकाश फिरतात, हे डॉ. वाडिया यांनी हेरले. रुग्ण सहसा त्याची तक्रारही करीत नसत. डॉ. वाडिया व डॉ. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांची माहिती १९७१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि हा पिढीजात आजाराचा वेगळा प्रकार असल्याचे मांडले. त्या काळी आपल्या रुग्णालयांत मेंदूचे स्कॅन नव्हते. साधन होते ते केवळ बारकाईच्या निरीक्षणाचे.

पुढे १९९६ साली या आजाराचे जनुक सापडले. ते १२ व्या गुणसूत्रावर आहे. त्यात 'सी-ए-जी' ही तीन अक्षरी खूण पुन्हा पुन्हा येते. निरोगी माणसात ती बहुधा २२ वेळा असते. ती ३३ वा त्याहून अधिक वेळा आली तर सहसा हा आजार होतो. पुनरावृत्ती जितकी जास्त, तितका आजार साधारणपणे लवकर सुरू होतो. अशा रुग्णांच्या मेंदूत पॉन्समधील झपाट्याच्या पेशी कमी झालेल्या आढळल्या आहेत. म्हणजे डोळ्यांवरून जे ताडले गेले होते, त्याचे मूळ पुढे प्रयोगशाळेत सापडले. या आजारास आज 'एस. सी. ए. २' असे म्हणतात. क्यूबा देशातील ओल्गीन प्रांतातही तो पुष्कळ कुटुंबांत आढळतो.

दुसरा आजार टोरांटोच्या तीन डॉक्टरांनी १९६४ साली सविस्तर वर्णिला. त्याला थोडक्यात 'पी. एस. पी.' म्हणतात. यात वर-खाली पाहण्याची उडी आधी मंदावते. रुग्णाला ताटातले वाढलेले दिसत नाही, जिन्याची पायरी दिसत नाही, आणि तो वारंवार, बहुधा मागच्या मागे, पडतो. सुरुवातीला कंपवात समजून औषध दिले जाते, पण त्याचा फारसा गुण येत नाही.

मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये नेमके उलटे घडते. हातपाय, जीभ व श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात, पण डोळे हलविणाऱ्या पेशी बहुधा दीर्घकाळ शाबूत राहतात. त्यामुळे बोलणे बंद झालेला रुग्णही डोळ्यांच्या इशाऱ्याने, किंवा नजर टिपणाऱ्या संगणकाच्या साहाय्याने, आपले म्हणणे सांगू शकतो. या पेशी कशामुळे तग धरतात याचा संशोधक शोध घेत आहेत, कारण त्यातून इतर पेशी वाचविण्याचा मार्ग सापडू शकेल.

आता व्यवहाराची गोष्ट. एस. सी. ए. २ च्या रुग्णाचा झोक जातो म्हणून लोक त्याला दारुडा म्हणतात. एकाच घरात वडील, आत्या आणि नंतर मुलगा असे आजारी पडले की करणी झाली, घराला शाप आहे, सुनेचा पायगुण वाईट, असे बोलले जाते. अंगारे-धुपाऱ्यांत पैसा जातो. खरे पाहता हा जनुकाचा दोष आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे तो असला तर प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. यात कोणाचेही पाप नाही.

मात्र डोळे जरा सावकाश फिरले म्हणजे आजार झालाच, असे कोणी समजू नये. झोप, काही औषधे व वार्धक्य यांनीही ते मंदावतात. तोल जाणे, बोलणे अडखळणे आणि घरात तसा इतिहास असणे, या गोष्टी जुळल्या तर मेंदूविकारतज्ज्ञांस अवश्य दाखवावे. रक्ताच्या तपासणीने जनुकाचे निदान होते. निरोगी मुलामुलींनी ती तपासणी करावी की नाही, हे त्यांनी सज्ञान झाल्यावर, समुपदेशन घेऊन, स्वतः ठरवावयाचे असते.

हा आजार बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. तथापि नियमित व्यायाम, बोलण्याचे व गिळण्याचे प्रशिक्षण आणि पडू नये म्हणून घरात केलेली सोय यांनी रुग्णाचे दिवस पुष्कळ सुसह्य होतात. आणि एक औषध तर आपल्या सर्वांच्या हाती आहे. रस्त्यात कोणी झोकांड्या खाताना दिसला, तर हसण्यापूर्वी त्याला हात द्यावा. तो कदाचित आजारी असेल.